हार्बर व्ह्यू, जालना

सुराणाशेठनी दिलेल्या पहिल्या कागदावर होतं :
एकोणीस मजले, एकशे बारा खोल्या,
गच्चीवर पोहण्याचा तलाव,
आणि प्रत्येक खोलीतून बंदराचं दर्शन.

बंदर आहे.
कंपाउंडला पाटी आहे, रूळ आलेत, क्रेन आली,
कंटेनर चढलेत एकावर एक.
फक्त पाणी नाही.
पाणी आठवड्यातून एकदा, मध्यरात्रीनंतर,
तेही मोटार लावली तर.

जुन्या जिनिंगची भिंत पाडली
तेव्हा फटीफटींतून दोन दिवस कापसाचं तूस उडत होतं.
माझ्या नकाशांच्या गुंडाळीत
ते अजून सापडतं.

मातीचा रिपोर्ट : काळी, चार मीटरपर्यंत.
पावसाळ्यात फुगते, चैत्रात हात जाईल एवढी भेगाळते.
हिच्यावर इमारत उभी करायची म्हणजे
झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर भरला पेला ठेवायचा.
म्हणून पाइल. खाली मुरूम, मुरमाखाली पाषाण.
बोअरवाल्या खलीलभाईंनी दगडाची नळी काढून हातात दिली,
गार, जड, पोकळीत पांढरे स्फटिक.
"इसके नीचे पत्थरच पत्थर, मॅडम.
पानी का मत पूछो."

शेठ एकदा दुबईला गेले होते.
तिथल्या खिडकीत बसून रात्रभर
बोटींचे दिवे मोजले म्हणे.
परत आले ते अजून मोजतच असल्यासारखे.
त्यांना चारी बाजूंनी निळी काच हवीय.
मे महिन्यात त्या काचेआड पाहुणा पापडासारखा भाजेल,
म्हणून मी मावळतीला खोल ओसऱ्या काढल्या.
"ओसरी? खेडं आहे का हे?"
तलाव मी चौथ्या आवृत्तीत पुसला.
पाचवीत तो परत आला,
थोडा मोठा होऊन.

साइटवर रात्रपाळीला रुस्तुम गायसमुद्रे.
या तालुक्यात मला सापडलेला समुद्र एवढाच,
त्याच्या आडनावातला.
नकाशावर बॅटरी मारून त्यानं विचारलं,
"कितव्या मजल्यावरनं दिसंल हो समुद्र?"
चेष्टा नव्हती. मी पेन्सिल काढली.
पृथ्वीची गोलाई धरली,
किनारा सव्वातीनशे किलोमीटर,
मधला सह्याद्री सोडून दिला.
अडीच हजारावा मजला, म्हटलं, अंदाजे.
तो जरा वेळ गप्प राहिला.
"लाइट गेली तर अवघड हाय," म्हणाला.

नियम असा, की इतक्या उंच इमारतीत
एक आश्रय-जागा ठेवावी लागते,
आग लागली तर माणसांनी उभं राहायला,
एका अंगानं उघडी, खिडकी नाही, काच नाही.
आठव्या मजल्यावर, मावळतीला, ती मी ठेवली.
शेठ बोट ठेवून म्हणाले, इथे दोन खोल्या निघतील.
निघतील, म्हटलं,
परवानगी निघणार नाही.
पहिल्यांदाच कायदा माझ्या बाजूनं बोलला
आणि मी चहात साखर जास्त घातली.

तिथून काय दिसेल?
क्रेनची मान. रोलिंग मिलचा धूर.
टँकरची रांग, त्यापलीकडे तुरीची रानं,
आणि दिवस बुडताना कंटेनरांच्या पत्र्यावर
जे काही पसरतं ते.
कठडा नियमाप्रमाणे, कमरेच्या वर.
त्याच्यापासून दोन पावलं मागे
बसता येईल एवढा ओटा धरलाय.
नकाशात त्याला नाव दिलेलं नाही.

परवा न्हावा-शेव्याहून एक कंटेनर आला.
दाराच्या बिजागरीवर वाळलेली पांढरी रेघ.
रुस्तुमनं बोट फिरवलं, जिभेला लावलं,
तोंडात घोळवलं जरा.
मी वाट बघत उभी.

"आमटीएवढंच खारट," म्हणाला,
आणि रजिस्टरात गाडीचा नंबर लिहायला गेला.